भांडवल आहे, भांडवलदारांचं राज्य नाही

चीनवरची आपल्याकडची चर्चा ऐकताना एक गंमत हमखास दिसते. गेल्या चाळीस वर्षांत तिथे सुमारे 80 कोटी माणसं दारिद्र्यरेषेच्या वर आली, हा जागतिक बँकेचा आकडा पुढे आला की उजवीकडचे म्हणतात, साम्यवाद टाकला, बाजार स्वीकारला, त्याचं हे फळ. 2022 साली शांघायला दोन महिने कुलूप लागलं, माणसं खिडक्यांतून अन्नासाठी ओरडू लागली, की तेच म्हणतात, शेवटी कम्युनिस्टच ते! डावीकडच्यांचा हिशेब बरोबर उलटा. जलदगती रेल्वेचं जाळं विणलं गेलं ते समाजवादी नियोजनामुळे. आणि 2010 साली शेन्झेनमधल्या फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या कारखान्यात कोवळ्या वयाच्या कामगारांनी इमारतींवरून उड्या टाकल्या, कंपनीने खाली जाळ्या बांधल्या, ती मात्र भांडवलशाही. देश एकच, काळ एकच, कधी कधी शहरही एकच. पण चांगलं दिसलं की आपलं, वाईट दिसलं की समोरच्याचं. असा वाद वर्षानुवर्षं चालू शकतो, कारण त्यात कोणालाच हरता येत नाही.

मला वाटतं, या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येतं. चीनची अर्थव्यवस्था भांडवलशाही आहे. 'मिश्र', 'चिनी वैशिष्ट्यांची', 'कुठल्याच चौकटीत न बसणारी' वगैरे आडवळणं घ्यायचं कारण नाही. मात्र त्या देशावर सत्ता भांडवलदारांची नाही. ती पक्षाची आहे, आणि पक्षाने मनावर घेतलं तर कुठल्याही धनिकाचा कुठलाही हक्क त्याच्यापुढे टिकत नाही. ही दोन विधानं ज्यांना परस्परविरोधी वाटतात ते दोन निराळे प्रश्न एकाच दावणीला बांधतात. समाजातली संपत्ती कोणाच्या श्रमातून, कोणत्या हेतूने आणि कशा पद्धतीने निर्माण होते, हा एक प्रश्न. भांडण झालं तर शेवटचा शब्द कोणाचा, हा दुसरा. पक्षाच्या नावावरून पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरवणं म्हणजे दुकानाची पाटी वाचून आतल्या मालाची पारख करणं.

कसोटी मार्क्सचीच लावू. निदान चिनी कम्युनिस्ट पक्षाची त्याला हरकत नसावी. भांडवलशाहीची खूण मार्क्सने बाजारात शोधली नव्हती. बाजार तर फिनिशियनांच्या काळापासून आहेत. जगण्यासाठी स्वतःची श्रमशक्ती विकण्यावाचून ज्यांच्यापुढे दुसरा मार्ग नाही अशी माणसं, ती विकत घेणारे मालक, आणि त्या व्यवहारातून उरणारं वरकड पुन्हा गुंतवून आणखी वरकड मिळवण्याची न थांबणारी शर्यत, ही त्याची खूण. आता चीनकडे पाहा. गावाकडची नोंद असलेले आणि मजुरीसाठी बाहेर पडलेले कामगार तिथे 30 कोटींच्या आसपास आहेत. 1958 सालच्या हुकोऊ पद्धतीमुळे माणसाची नोंद जन्मगावाला बांधलेली असते. शहरात तो वीस वर्षं इमारती बांधो, मोबाईल जोडो. तिथल्या शाळेवर, दवाखान्यावर, पेन्शनवर त्याचा स्थानिक माणसाइतका हक्क नसतो. ही पद्धत माओच्या काळात आणली गेली ती गावकऱ्यांना शहरात येऊ न देण्यासाठी. पुढे तीच इतकी स्वस्त आणि इतकी निमूट मजूरसेना पुरवू लागली, की मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी तिची स्वप्नंच पाहिली असती.

माओच्या काळात सरकारी कारखान्यातल्या कामगाराला काढता येत नसे. पगार तुटपुंजा, पण घर, दवाखाना, पाळणाघर, पेन्शन सगळं कारखान्याचं. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आधी उपपंतप्रधान आणि मग पंतप्रधान असलेल्या झू रोंगजी यांच्या काळात मोठे उद्योग हातात ठेवायचे आणि लहान सोडून द्यायचे असं धोरण आलं, आणि कोट्यवधी कामगार घरी बसले. ईशान्येकडच्या ल्यावनिंगसारख्या प्रांतात, जिथे एकेकाळी देशाचं पोलाद आणि यंत्रं तयार होत, तिथे वस्त्याच्या वस्त्या बेकार झाल्या. गिरणगावाचा संप आणि नंतरची पडझड पाहिलेल्या मुंबईकराला याची कल्पना करायला फारसे कष्ट पडू नयेत. फरक इतकाच, की गिरणी कामगाराला निदान संप करता आला. चीनच्या 1975 आणि 1978 च्या राज्यघटनांत संपाचा हक्क लिहिलेला होता. 1982 च्या घटनेतून तो काढून टाकला. म्हणजे बाजारपेठ उघडण्याच्या काळातच कामगाराच्या हातातलं एकमेव हत्यार काढून घेतलं गेलं. हा योगायोग म्हणायचा?

2018 साली शेन्झेनमधल्या जासिक नावाच्या कंपनीतल्या कामगारांनी स्वतःची युनियन काढायचा प्रयत्न केला. त्यांना कामावरून काढलं, मग पोलिसांनी उचललं. त्यांच्या मदतीला धावून आले ते पेकिंग विद्यापीठासारख्या नामांकित विद्यापीठांतले विद्यार्थी. अभ्यासमंडळांतून मार्क्स वाचून, तो खरा मानून आलेली ही मुलं होती. कम्युनिस्ट पक्षाच्या राज्यात त्यांना मार्क्सवादी असल्याची किंमत मोजावी लागली. अनेकजण ताब्यात घेतले गेले, काही दीर्घकाळ कोणालाच दिसले नाहीत. ही मुलं वाट चुकली होती, की त्यांनी आपल्या देशातल्या कारखान्याचं जे वर्णन केलं ते नको इतकं अचूक होतं?

मालकीच्या बाजूने पाहिलं तरी चित्र हेच. 1978 च्या हिवाळ्यात अन्हुई प्रांतातल्या श्यावगांग गावच्या 18 शेतकऱ्यांनी रात्री एकत्र येऊन एका कागदावर अंगठे उठवले. कम्यूनची, म्हणजे सामुदायिक शेतीची, जमीन गुपचूप कुटुंबागणिक वाटून घ्यायची, सरकारचा वाटा आधी पोचवायचा, उरेल ते ज्याचं त्याचं. पकडले गेलो तर तुरुंगात जाणाऱ्याची मुलं इतरांनी अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची, हेही त्यात होतं. त्या गुन्ह्याचंच पुढे राष्ट्रीय धोरण झालं आणि काही वर्षांत कम्यून इतिहासजमा झाले. 1980 साली शेन्झेन, झुहाई, शांतोऊ आणि श्यामेन ही विशेष आर्थिक क्षेत्रं झाली. 1990 मध्ये शांघायला शेअरबाजार पुन्हा उभा राहिला. 2002 मध्ये पक्षाने उद्योजकांना पक्षाचं दार अधिकृतपणे उघडलं. 2004 मध्ये कायदेशीर खाजगी मालमत्ता अनुल्लंघनीय असल्याचं घटनेत लिहिलं गेलं. खाजगी क्षेत्राचा वाटा सरकारी नेतेच आता अभिमानाने सांगतात: निम्म्याहून जास्त कर, राष्ट्रीय उत्पादनात साठ टक्क्यांहून जास्त, शहरी रोजगारात ऐंशी टक्क्यांहून जास्त. फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमा पिकेटी आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या हिशेबानुसार देशाच्या एकूण संपत्तीतला सार्वजनिक वाटा 1978 मध्ये सुमारे 70 टक्के होता, तो 2015 पर्यंत 30 टक्क्यांवर आला. आणि या खाजगी संपत्तीवर वारसा कर किती? शून्य. तसा करच नाही. घरांवरचा वार्षिक मालमत्ता कर 2011 मध्ये शांघाय आणि चोंगचिंगमध्ये प्रयोग म्हणून लागू झाला आणि देशभर काही पसरला नाही. वारसाहक्क नष्ट करावा ही 1848 च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यातली मागणी होती. अमेरिका आणि जपान वारसा कर घेतात. लाल झेंड्याखालच्या बापाची इस्टेट मुलाला करमुक्त मिळते.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं नीट ऐकू, कारण ते पोकळ नाही. शहरातली सगळी जमीन सरकारची, गावची जमीन गावाच्या सामूहिक मालकीची. तुम्हाला मिळतो तो ठराविक वर्षांचा वापरहक्क. चारही सर्वांत मोठ्या बँका सरकारच्या. तेल, वीज, दूरसंचार, रेल्वे, तंबाखू सरकारच्या. पिकेटींच्या आकड्यातला 30 टक्के हा सार्वजनिक वाटाही पाश्चात्त्य देशांच्या मानाने प्रचंडच, कारण अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सरकारची मालमत्ता कर्जाहून कमी भरते. ज्या देशात जमीन आणि पतपुरवठा ही दोन्ही मुळं सरकारच्या मुठीत, त्याला भांडवलशाही कसं म्हणायचं?

म्हणता येतं, आणि आपण इतरांच्या बाबतीत बिनदिक्कत म्हणतो. सिंगापूरमध्ये सुमारे नव्वद टक्के जमीन सरकारच्या मालकीची आहे, चार-पंचमांश लोक सरकारने बांधलेल्या घरांत राहतात, टेमासेक ही सरकारी गुंतवणूक कंपनी विमानसेवेपासून बँकेपर्यंत सगळीकडे भागधारक आहे, आणि 1959 पासून एकच पक्ष सत्तेवर आहे. सिंगापूरला साम्यवादी म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. दक्षिण कोरियात पार्क चुंग-ही यांनी 1961 च्या उठावानंतर बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या, पंचवार्षिक योजना आखल्या, कोणत्या उद्योगाला कर्ज द्यायचं हे सरकारने ठरवलं. त्यातून सॅमसंग आणि ह्युंदाई मोठ्या झाल्या. तैवानमध्ये 1987 पर्यंत लष्करी कायदा होता आणि सत्ताधारी क्वोमिंतांग पक्षाची घडण तर थेट रशियन सल्लागारांनी लेनिनच्या नमुन्यावर करून दिलेली होती. आणि आपण? 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. 1976 मध्ये घटनेच्या सरनाम्यात 'समाजवादी' लिहिलं. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. म्हणजे चीन बाजाराकडे वळत होता त्याच वर्षी कागदोपत्री आपण उलट दिशेने चाललो होतो. त्यावरून 1980 च्या दशकातला भारत साम्यवादी होता असं कोणी म्हणेल का?

चीनचा स्वतःचा इतिहासही इथे साक्षीला येतो, आणि मला हा भाग सर्वांत रंजक वाटतो. हान घराण्याचा सम्राट वू याने उत्तरेकडच्या श्योंगनू टोळ्यांशी लढण्याचा खर्च भागवायला मीठ आणि लोखंड यांची सरकारी मक्तेदारी सुरू केली. ती ठेवावी की मोडावी यावर इसवी सनपूर्व 81 मध्ये राजदरबारात रीतसर वादसभा भरली. कन्फ्यूशियसपंथी विद्वान म्हणाले, राज्याने व्यापाऱ्याचा धंदा करू नये. त्याने प्रजा लोभी होते. अधिकारी म्हणाले, मग सीमेवरचा सैनिक काय खाणार? हा वाद आजच्या बेजिंगमध्ये जसाच्या तसा मांडता येईल. 1872 मध्ये चिंग साम्राज्याचे बडे अधिकारी ली हुंगचांग यांनी परदेशी आगबोटींशी स्पर्धा करायला एक जहाज कंपनी काढली: पैसा आणि कारभार व्यापाऱ्यांचा, देखरेख सरकारची. इंग्रजीत ती 'चायना मर्चंट्स' म्हणून ओळखली जाते. शंभरेक वर्षांनी, 1979 मध्ये, शेन्झेनच्या शकोऊ भागात पहिली औद्योगिक वसाहत कोणी उभारली? याच कंपनीने. दरम्यान साम्राज्य गेलं, प्रजासत्ताक आलं, क्रांती झाली, कंपनी सरकारजमा झाली. पण व्यापाऱ्याच्या पैशावर आणि अधिकाऱ्याच्या नजरेखाली चालायची तिची रीत ओळखू येते. धनिकाला वाढू द्यायचं पण वरचढ होऊ द्यायचं नाही, ही त्या भूमीतली मार्क्सपेक्षा कितीतरी जुनी राज्यनीती आहे.

यावर उत्तर तयार असतं: मग जॅक मा? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ऑक्टोबर 2020 मध्ये शांघायच्या एका परिषदेत अलिबाबा या ऑनलाइन व्यापार कंपनीचे संस्थापक जॅक मा यांनी चिनी बँकांच्या वृत्तीला सावकारी म्हणून नावं ठेवली. दहा-बारा दिवसांत त्यांच्या अँट या वित्तसेवा कंपनीची, जगातली सर्वांत मोठी ठरणारी समभाग विक्री रोखली गेली. ते स्वतः काही महिने कुठे दिसले नाहीत. एप्रिल 2021 मध्ये अलिबाबाला 18.2 अब्ज युआनचा दंड झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने एका फतव्याने शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांना नफा कमावण्याचीच बंदी केली. न्यूयॉर्कच्या बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांचे शेअर मातीमोल झाले. आपल्याकडच्या कोचिंग क्लासवाल्यांनी नुसती कल्पना करून पाहावी. मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या उपकंपन्यांत सरकारने नाममात्र एक टक्क्याचा हिस्सा घेऊन संचालक मंडळात माणूस बसवला आहे. तीन पक्षसदस्य असतील तिथे पक्षशाखा, हा नियम खाजगी कंपन्यांनाही आहे. हे सगळं मान्य. इथे मालकी ही पक्षाच्या मर्जीपर्यंतच मालकी आहे, हेही मान्य.

पण पक्षाने त्या माणसाचं आणि त्याच्या संपत्तीचं पुढे काय केलं तेही पाहायला हवं. अलिबाबा राष्ट्रीयीकृत झाली नाही. तिचे शेअर आजही विकले-घेतले जातात. जॅक मा अजूनही अब्जाधीश आहेत, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये शी जिनपिंग यांनी बड्या उद्योजकांची बैठक बोलावली तेव्हा ते पहिल्या रांगेत बसले होते. (आणि हो, ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही आहेत, हे 2018 मध्ये पक्षाच्याच मुखपत्राने सांगितलं.) खऱ्या साम्यवादी धोरणात भांडवलदाराचं काय होतं, याचा नमुना चीनमध्येच आहे. रोंग यीरेन यांच्या घराण्याच्या पिठाच्या आणि कापडाच्या गिरण्या शांघाय-वूशी भागात होत्या. क्रांतीनंतर ते पळाले नाहीत. 1956 मध्ये गिरण्या संयुक्त सरकारी मालकीत गेल्या. मालकांना मूल्यांकनावर ठराविक पाच टक्के व्याज देऊन मालक या भूमिकेतून कायमचं निवृत्त केलं. सांस्कृतिक क्रांतीत ते व्याजही बंद झालं आणि रोंग यांची विटंबना झाली. मग 1979 मध्ये माओनंतरचे सर्वोच्च नेते डेंग श्यावपिंग यांनी त्याच रोंग यांना बोलावून सिटिक ही गुंतवणूक कंपनी काढायला लावली. 1993 मध्ये ते देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांचा मुलगा पुढे चीनच्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला गेला. 1956 आणि 1979 यांतला फरक ज्याला दिसतो, त्याला 2020 ची घटना 1956 सारखी नव्हती हेही दिसायला हवं. 1956 मध्ये भांडवल संपवलं. 2020 मध्ये भांडवलदाराला दटावलं.

राजाने सावकाराला दटावणं जगाला नवं नाही. फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने 1307 मध्ये आपल्या सावकारांना, टेंपलर सरदारांना, एका पहाटे कैद करून त्यांच्या तिजोऱ्यांवर हात टाकला. पुतीन यांनी 2003 मध्ये रशियातले सर्वांत श्रीमंत तेलसम्राट खोदोरकोव्स्की यांना तुरुंगात टाकलं आणि त्यांची कंपनी तुकड्या-तुकड्यांनी सरकारी कंपनीच्या घशात घातली. म्हणून पुतीन यांचा रशिया साम्यवादी ठरला नाही. मालमत्तेला कायद्याचं अभेद्य कवच असणं ही भांडवलशाहीच्या एका विशिष्ट, प्रामुख्याने इंग्रजी परंपरेतल्या अवताराची खूण आहे. ती मोलाची आहे, मला ती हवीही आहे. पण ते कवच नसलं की भांडवलशाहीच नाही असं म्हटलं, तर निम्म्या जगातली आणि निम्म्या इतिहासातली भांडवलशाही गायब होईल.

राहता राहिलं नियोजन. चीनमध्ये पंचवार्षिक योजना आजही निघतात. पण सोव्हिएत नियोजन मंडळ कुठल्या कारखान्याने किती टन खिळे पाडायचे आणि ते कुठल्या भावाने कोणाला द्यायचे हे ठरवत असे. चीनची योजना सांगते की अमुक क्षेत्रं महत्त्वाची आहेत; त्यानंतर प्रांत, शहरं आणि कंपन्या एकमेकांच्या उरावर बसतात. अन्हुई प्रांताची राजधानी हफेई हे त्याचं उत्तम उदाहरण. 2020 मध्ये नियो ही विजेवरच्या गाड्यांची खाजगी कंपनी बुडायला आली असताना हफेईच्या नगर सरकारच्या गुंतवणूक संस्था पुढे आल्या, 7 अब्ज युआन गुंतवण्याचं ठरवलं, बदल्यात कंपनीचं मुख्य काम आपल्या शहरात आणवलं, आणि भाव चढल्यावर बराचसा हिस्सा फायद्यात विकला. हे करणारे लोक पक्षाचे पदाधिकारी आहेत, पण त्यांचं वागणं दलाल स्ट्रीटवरच्या मुरलेल्या गुंतवणूकदाराला शोभणारं आहे. एकाच वेळी पन्नास शहरं हा खेळ खेळली की काय होतं? मोटारी, सौर पॅनेल, पोलाद, सगळ्याचा महापूर. सोव्हिएत माणूस मोटारीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहायचा. चीनमध्ये मोटारीच गिऱ्हाइकाची वाट पाहत मैदानात उभ्या आहेत आणि सरकार कारखानदारांना भाव आणखी पाडू नका म्हणून बजावतंय. एका व्यवस्थेत माल नाही, दुसऱ्या व्यवस्थेत खपत नाही. अतिउत्पादनाचं अरिष्ट कोणत्या व्यवस्थेवर येतं हे मार्क्सचं 'कॅपिटल' न वाचलेल्या डाव्यालाही पाठ असतं. मग चीनपुढेच ते का आठवत नाही?

चीनच्या बाजूने बोलणाऱ्या अभ्यासू डाव्यांचा एक युक्तिवाद याहून सूक्ष्म आहे. ते म्हणतात, हा तात्पुरता टप्पा आहे. लेनिननेही 1921 मध्ये नवं आर्थिक धोरण आणून शेतकऱ्यांना आणि छोट्या व्यापाऱ्यांना मोकळीक दिली, मोक्याच्या जागा मात्र राज्याच्या हाती ठेवल्या. 1987 च्या पक्ष अधिवेशनात तेव्हाचे पक्षप्रमुख झाव झियांग यांनी समाजवादाची 'प्राथमिक अवस्था' मांडली ती याच अर्थाने, आणि ती शंभर वर्षं चालेल असंही सांगितलं. पक्षाचे ज्येष्ठ नेते चेन युन यांची पिंजऱ्यातल्या पक्ष्याची उपमा याच सुमाराची: बाजार हा पक्षी, योजना हा पिंजरा, घट्ट धरला तर मरेल, पिंजरा नसेल तर उडून जाईल. युक्तिवाद सुसंगत आहे. पण लेनिनच्या धोरणाला जेमतेम सात-आठ वर्षं मिळाली आणि त्यात वाढले ते दुकानदार आणि अडते. चीनचा तात्पुरता टप्पा माओच्या संपूर्ण राजवटीपेक्षा केव्हाच लांब झाला, आणि त्यात शेकडो अब्जाधीश निपजले. पुढे काय करायचा मानस आहे यावरून आजच्या व्यवस्थेचं नाव ठरत नाही. ठरत असतं, तर आपल्या घटनेच्या सरनाम्यामुळे मुंबई शेअरबाजारही समाजवादी संस्था म्हणावा लागला असता.

डाव्यांच्या एका मुद्द्याला मात्र उजव्यांकडे उत्तर नाही, आणि ते शोधायचा ते प्रयत्नही करत नाहीत. 1978 चा चीन कोरी पाटी नव्हता. जमीनदारी मोडलेली होती. बहुसंख्य मुलं शाळा पाहिलेली होती. सरासरी आयुष्य 1949 च्या मानाने पंचवीसएक वर्षांनी वाढलं होतं. 1959 ते 61 च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मारणाऱ्या राजवटीनेच हेही केलं होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. शहरातला रोजगार गेला तर परतायला गावी जमिनीचा तुकडा होता, म्हणूनच तो मजूर इतक्या कमी मजुरीत निभावू शकला. म्हणजे साम्यवादाने जे उभं केलं त्यावर भांडवलशाहीने पीक घेतलं. बाजार उघडला आणि जादू झाली ही गोष्ट सांगणाऱ्यांनी आधीची तीस वर्षं वगळू नयेत.

हा वाद निव्वळ शब्दांचा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जागतिक व्यापार संघटनेतलं भांडण आठवावं. डिसेंबर 2001 मध्ये चीन सदस्य झाला तेव्हा करारात एक कलम होतं: पंधरा वर्षं चीनला बाजार अर्थव्यवस्था न मानता, त्याच्या मालावर अँटी-डंपिंग शुल्क (परक्या बाजारात पडत्या भावाने माल ओतल्याबद्दलचं शुल्क) ठरवताना तिसऱ्याच देशातल्या किमती धरता येतील. 2016 ला मुदत संपल्यावर चीनने हक्क सांगितला. अमेरिका आणि युरोपने नकार दिला. चीनला भांडवलशाहीकडे वळवलं म्हणून पाठ थोपटून घेणारेच आता त्याला बाजार अर्थव्यवस्था मानायला तयार नाहीत, आणि 'चिनी वैशिष्ट्यांचा समाजवाद' ही घोषणा देणारा पक्ष आपल्याला बाजारवादी म्हणा म्हणून अर्ज करतोय.

आपल्यासाठी मात्र धोका दुसरीकडे आहे. चीनकडे पाहून लोकशाहीला कंटाळलेला एक सुशिक्षित वर्ग आपल्यात तयार झाला आहे. त्याला एक्सप्रेसवे हवेत, बंदरं हवीत, आणि वाटेत येणारी ग्रामसभा नको. या वर्गाला चीनचा साम्यवाद आवडत नाही. त्याला तिथल्या भांडवलशाहीला मिळालेली शांतता आवडते. 2005 मध्ये चीनकडे पाहूनच आपण सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचा, कायदा केला. रायगडमध्ये महामुंबई सेझसाठी जमिनी घ्यायला सुरुवात झाली, एन. डी. पाटील आणि स्थानिक शेतकरी उभे ठाकले, आणि सप्टेंबर 2008 मध्ये पेण परिसरातल्या 22 गावांत सरकारला मतदान घेऊन लोकांचं म्हणणं विचारावं लागलं. प्रकल्प पुढे बारगळला. त्याच्या तीन वर्षांनी ग्वांगडोंग प्रांतातल्या वुकान गावानेही जमिनी परस्पर विकल्याबद्दल उठाव केला, अधिकाऱ्यांना गावाबाहेर घालवलं, गुप्त मतदानाने स्वतःची समिती निवडण्याची परवानगीही मिळवली. जग कौतुकाने पाहत होतं. 2016 मध्ये त्या निवडून आलेल्या गावप्रमुखाला लाचखोरीच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं गेलं. दोन्ही ठिकाणी भांडण एकच होतं: स्वस्तात जमीन कोणाला आणि कोणाच्या जिवावर. एक पक्ष असल्यामुळे चीनमध्ये भांडवलाचं काम सोपं झालं. हेच ज्यांना हवंय, त्यांनी ते राष्ट्रहिताच्या नावाखाली मागू नये.

उरलेल्या शंकेखोरांसाठी एक कल्पना. समजा उद्या सकाळी चिनी कम्युनिस्ट पक्ष नाहीसा झाला. अर्थव्यवस्थेत काय बदलावं लागेल? सोव्हिएत पक्ष गेला तेव्हा 2 जानेवारी 1992 ला रशियाला बहुतेक किमती एका फटक्यात खुल्या कराव्या लागल्या, कारखाने कूपनं वाटून विकावे लागले, शेअरबाजार आणि खाजगी बँका जवळपास शून्यातून उभ्या कराव्या लागल्या. सामान्य माणसाची बचत त्यात जळून गेली. चीनमध्ये यातलं जवळपास काहीच करावं लागणार नाही. दुकानं त्याच भावाने उघडतील, कारखान्याचा भोंगा त्याच वेळी वाजेल, मालक तेच राहतील. त्यांच्या जिवाची धाकधूक तेवढी कमी होईल. पक्ष वजा केल्यावर जे उरतं ते भांडवलशाही असेल, तर पक्ष असतानाही ते दुसरं काही नव्हतं.

खरं भांडण फक्त एकाच गोष्टीवर पेटेल: जमीन. 1 डिसेंबर 1987 ला शेन्झेनमध्ये एका भूखंडाच्या वापरहक्काचा जाहीर लिलाव झाला, साम्यवादी चीनमधला पहिला. त्या दिवशी तो घटनेच्या विरुद्ध होता. घटना दुरुस्त झाली ती पुढच्या एप्रिलमध्ये. हक्क 50 वर्षांचा होता. घरांचे हक्क साधारण 70 वर्षांचे असतात, पण वनझोऊ शहरात काही घरं 20 वर्षांच्या मुदतीवर दिली गेली होती. 2016 मध्ये ती मुदत संपली तेव्हा नूतनीकरणासाठी मोठ्या रकमा मागितल्या गेल्याची बातमी फुटली, मध्यमवर्गात घबराट उडाली, आणि सरकारने घाईने पैसे न घेता हक्क वाढवून दिले. 2021 पासून लागू झालेला नागरी कायदा सांगतो की घरांचे हक्क आपोआप वाढतील. शुल्क किती, की माफच, हे त्याने पुढच्या कायद्यांवर ढकललं आहे. चिनी कुटुंबांच्या बचतीचा मोठा भाग याच घरांत अडकलेला आहे, आणि एव्हरग्रँडसारख्या बिल्डरांच्या पडझडीनंतर ती आधीच धास्तावलेली आहेत. शेन्झेनच्या त्या पहिल्या भूखंडाची मुदत 2037 ला संपते.